वखारीतली भावंडं

संस्थेच्या चिटणीसांनी माझ्याकडे अहवाल मागितला होता. तो मी दिला. आठवडाभरानं तो परत आला. वर तांबड्या पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'हे प्रवासवर्णन झाले आहे, मुद्द्याचे लिहावे.'

मी मुद्द्याचंच लिहिलं होतं. पण त्यांना ते प्रवासवर्णन वाटत असेल तर तसं का होईना, आता ते सगळ्यांनी वाचावं.

मी एका अनाथाश्रमात मुलींच्या बाजूची अधीक्षिका आहे. मुलांची इमारत वेगळी, मुलींची वेगळी, मध्ये उंच भिंत. भाऊ इकडे आणि बहीण तिकडे असली तर रविवारी दुपारी व्हरांड्यात त्यांची भेट होते. मध्ये एक बाक असतो. बाकाच्या अल्याड बहीण, पल्याड भाऊ. शिस्तीसाठी हे आवश्यक आहे असं मला पहिल्या दिवशी सांगण्यात आलं आणि मी ते बरीच वर्षं मानलं. गेल्या थंडीत आमच्या सभेत कुणीतरी हसत हसत सांगितलं की, निपाणीकडे एक अडाणी साळीण आहे, ती पोरकी भावंडं एकाच छपराखाली, एकाच कोपऱ्यात ठेवते. मुलगा-मुलगी काही बघत नाही. सगळे हसले. मी रजा मागितली आणि म्हटलं, बघून येते. दोषांची यादी घेऊन येईन अशा समजुतीनं त्यांनी मला जाऊ दिलं.

दोष मला दिसले. तेही सांगते. पण आधी मोटारीचं सांगते.

कोल्हापूर ते कोगनोळी

लढाईमुळे पेट्रोल दिसेनासं झालेलं. कोल्हापुराहून निपाणीला जाणारी मोटार कोळशावर चालते. गाडीच्या पाठीला अंघोळीच्या बंबासारखी मोठी लोखंडी टाकी जोडलेली, तिच्यात कोळसा पेटवायचा आणि त्या धुरावर इंजिन फिरवायचं. सपाटीवर गाडी बरी चालते. चढ आला की ड्रायव्हर म्हणतो, "उतरा मंडळी," आणि मंडळी काही न बोलता उतरून ढकलू लागतात. आमच्याकडे एवढ्यावरून तक्रारअर्ज गेला असता. इथं एक म्हातारे गृहस्थ धोतर खोचून उतरले आणि ढकलता ढकलता शेजाऱ्याला मिरचीचा भाव विचारत होते.

कोगनोळीपाशी टाकीतला विस्तवच विझला. ड्रायव्हरनं राख काढायला घेतली आणि आम्ही बाभळीच्या सावलीला बसलो. माझ्या शेजारी एक शेतकरीण होती. तिनं मला एका दमात विचारलं, "गाव कंचं? लेकरं किती?"

मी म्हटलं, "लग्न केलेलं नाही."

"न्हाय?" ती म्हणाली. मग तिनं फडकं सोडलं, अर्धी भाकरी मोडून त्यावर मिरचीचा खर्डा ठेवला आणि माझ्या हातात दिली. "खावा. कोन करून घालनार तुमास्नी."

आमच्याकडे आगगाडीत शेजारच्या बाईला असं विचारणं असभ्य समजतात. पण आमच्याकडे अर्धी भाकरीही कुणी मोडून देत नाही. खर्ड्यानं डोळ्यांत पाणी आलं आणि ते पुसता पुसता मी तिला सांगितलं, मी त्या साळिणीच्या, तुळसाक्काच्या वखारीवर निघाले आहे.

"आगं बया, तिकडं?" ती म्हणाली. "बाई चांगली, पर लई ताठ. वखार दादाशेटची. त्येनं फुकट ऱ्हायला दिली. आता त्येला एक पोरगं पायजे तर ही देईना. घरात मूल न्हाय त्येच्या. एक पोरगं दिलं तर बाकीच्यांचं छप्पर ऱ्हातंय का न्हाय? तुमी शिकलेल्या हाईसा, सांगा की तिला."

मलाही त्या वेळी ते बरोबर वाटलं.

निपाणी

निपाणीचा वास गावाच्या आधी येतो. तंबाखूचा मोसम होता. रस्त्याच्या दोन्ही अंगांना पानं वाळत घातलेली, गाड्यांवर पाल्याची बोदं, म्हणजे मोठाली पोती, रचलेली, आणि हवेत असा एक तिखट, गोडसर दर्प की पहिला श्वास घेतला तो माझ्या घशातच अडकला.

मोटारीच्या अड्ड्यावर माझ्या पत्रावरून बैलगाडी घेऊन एक उंच, सावळे, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ उभे होते. ते बसाप्पा, तुळसाक्कांचे धाकटे भाऊ. त्यांनी हात जोडून विचारलं, "ऊट आतेन्री?"

मी गोंधळले. ते हसले. "जेवान झालं का म्हनलो. माझं मराठी मागनं येतंय बगा, आदी कन्नड येतंय."

गाडी सदलग्याच्या वाटेला लागली. दोन्हीकडे जोंधळा उभा होता आणि हरभऱ्याला घाटे धरले होते. बसाप्पांनी उतरून एक डहाळा उपटून दिला. पुढचा सगळा रस्ता मी ओला हरभरा सोलत होते आणि ते आपल्या अर्ध्या कन्नड, अर्ध्या मराठीत बैलांशी बोलत होते. दादाशेटचा विषय मी काढला तेव्हा ते एवढंच म्हणाले, "आक्काला इचारा. मी बैलाचं बगतो."

वखार

वखार म्हणजे दगडी भिंती, वर कौलं, आणि आत एकच लांबलचक दालन. पूर्वी तिथं पाला साठवायचे. ती रिकामी होऊन बरीच वर्षं झाली, तरी भिंतींतला तंबाखू गेलेला नाही. मी उंबऱ्यात पाय ठेवला आणि शिंकू लागले, ते थांबेचना. आतून मुलांचा लोंढा आला आणि माझ्याभोवती उभा राहून माझ्या प्रत्येक शिंकेला हसू लागला. अधीक्षिकेचा असा प्रवेश आमच्या संस्थेत कधी झाला नसेल.

"हासतासा काय रं, पानी आना!" असं म्हणत एक ठेंगणी, पन्नाशीची बाई पुढं आली. कपाळ उघडं, हातांवर सुताच्या रंगाचे डाग. "मी तुळसा. या. आज शिंकशिला, उद्या न्हाय. मी बी सुरवातीला लई शिंकलो."

इकडच्या बायका स्वतःबद्दल 'आलो, गेलो, शिंकलो' असंच बोलतात. मला ते ऐकताना दोन दिवस चमत्कारिक वाटलं, तिसऱ्या दिवशी छान वाटू लागलं.

दालनात मुलांची बाजू आणि मुलींची बाजू अशी विभागणी नव्हती. जुन्या लुगड्यांचे पडदे लावून खण पाडलेले होते आणि प्रत्येक खण म्हणजे एक घर. काशीचं घर, रामाचं घर, सोनाबाईचं घर. घराला नाव थोरल्या भावंडाचं. त्या घराची वाकळ वेगळी, पाण्याची घागर वेगळी. जेवणाच्या वेळी भाकरी आणि आमटी मोठ्या चुलीवरून थोरलं भावंड घेऊन जातं आणि आपल्या खणात धाकट्यांना वाढतं. ज्याला भावंड नाही त्याला एखाद्या घरात घातलेलं, आणि ते घर त्याला आपलाच म्हणतं. दोन जुळे भाऊ आणि त्यांच्यात घातलेला एक तिसरा, असे तिघे मला 'आमी जुळे' म्हणून सांगत आले.

आता दोष. कौलं गळकी होती. डोक्यांत उवा होत्या. शिकवायला बसाप्पांशिवाय कुणी नव्हतं आणि त्यांना लिहिता फक्त कन्नड येत होतं, त्यामुळे मराठी मुलं कन्नडातून पाढे म्हणत. जेवायला सकाळी हुलग्याचं माडगं, संध्याकाळी जोंधळ्याची भाकरी. ताक मिळालं तर सण. आमच्या आश्रमात यापेक्षा चांगलं जेवण असतं.

पण आमच्या आश्रमात जेवताना आवाज नसतो. इथं प्रत्येक पडद्यामागून भांडण ऐकू येत होतं. "माझी भाकरी बारकी." "तुझं तोंड बारकं." मी घरी माझ्या भावांशी असंच भांडत मोठी झाले.

मागावर

दालनाच्या एका टोकाला तुळसाक्कांचा माग होता. त्या बेळगावच्या शहापुरातल्या. लुगडी विणायची आणि निपाणीच्या बाजारात विकायची, बसाप्पांनी खंडानं घेतलेलं शेत करायचं, यावर हे सगळं चालत होतं. मुली त्यांना रहाटावर कांड्या भरून देत. दुपारी मी जवळ जाऊन बसले आणि सरळ विचारलं की भावंडं एकत्रच का?

धोटा इकडून तिकडे जात राहिला. तशाच, विणता विणता त्यांनी सांगितलं.

"पिलेग आला तवा मी आट वर्साची, तम्मा, म्हंजे माझा धाकला भाऊ, चार वर्साचा. आई-बाप गेले. गावाभाईर झोपड्या घातल्या हुत्या, तितं मानसं बसून वाटनी केली. मला आत्याकडं, आन् ह्येला एक तेल इकनारा घिऊन गेला तिकडं, गदगाच्या पल्याड. त्येचं नाव बाळू हुतं. मी आत्याला रोज इचारायचो, बाळू कुटं हाय? ती म्हनायची, खुशीत हाय."

"मग भेटला कधी?"

"ईसेक वर्सानं. सुताची गाडी घिऊन शहापुरात आला. त्येला येवडंच ठावं, की पिलेगात आपल्याला हितनं नेलं. पेठेत दारोदार इचारत आला. मी दार उघडलं. उंच बाप्या. त्यो कन्नडात बोलाया लागला. मला कन्नड यायचं, पर बाजारचं. 'एवढ्याला दे, जास्त हुतंय, उद्या ये.' तेवढ्यात भावाशी काय बोलनार सांगा? वीस वर्सं काय केलंस, कुनी मारलं का, जेवलास का... ह्येला शब्द माझ्याकडं न्हाईत. त्येला मराठी एक अक्षर येईना. त्यो बाळू बी ऱ्हायला न्हवता, बसाप्पा झालता. आमी दोघं उंबऱ्यात बसून निस्तं रडलो."

धोटा थांबला.

"एकच शब्द दोगांस्नी ठावं हुता. आक्का. कन्नडात बी आक्का, मराठीत बी आक्का. त्यो तेवढाच म्हनत ऱ्हायला."

मग त्यांनी पुन्हा विणायला सुरुवात केली. "तवाच ठरवलं. माझ्या हातनं कुनाची वाटनी हुनार न्हाय."

दिवाणजी

दुसऱ्या दिवशी सकाळी दादाशेटचे दिवाणजी घोड्यावरून आले. बरोबर धोंडी नावाचा एक माणूस होता, काशीचा चुलता. काशीच्या घरात तिघं. काशी अकरा वर्षांची, मारुती सहाचा, चिमी तीनेक वर्षांची. शेटना मारुती हवा होता. मूल त्यांच्याच जातीचं, हाडापेरानं सशक्त, डोळ्यांत हुशारी. चुलत्यानं होकार देऊन टाकला होता.

दिवाणजी सौम्य बोलणारे होते. "तुळसाक्का, शेट काय वाईट करायलेत? पोराला शाळा, दूधतूप, पुढं सगळी पेढी त्याची. त्याच्या नशिबाच्या आड तुम्ही का येता?"

"मी आड न्हाय. तिघं बी न्या."

"शेटना मुलगा हवा. मुली नकोत. तसं ते मुलींच्या लग्नाला मदत करतील."

"लगीन लई लांब हाय. आज रातचं काय?"

धोंडी पुढं झाला. "आक्का, मी त्यांचा चुलता हाय. माझा हक हाय का न्हाय?"

"हाय की," तुळसाक्का म्हणाल्या. "तुजा हक तिघांवर हाय. तिघांस्नी तुज्या घरला ने, मी गाडी जुपून देतो. एकट्याला न्यायचा हक कुनी दिला तुला?"

धोंडी दोन पावलं मागं सरला. दिवाणजींनी रुमालानं मान पुसली आणि शेवटचं बोलले. बाजारच्या दिवशी शेटना उत्तर हवं आहे. नाही म्हणायचं असेल तर वखार रिकामी करावी लागेल.

ते गेल्यावर मी गप्प बसायला हवं होतं का? मी बसले नाही. मला अधीक्षिकेची सवय. मी म्हटलं, "तुळसाक्का, एका मुलाचं भलं होतंय. बाकीच्या सगळ्यांचं छप्पर राहतंय. मुलगा काही परदेशी जात नाही, निपाणीत आहे. महिन्यातून एकदा भेटवा."

त्यांनी माझ्याशी वाद घातला नाही. म्हणाल्या, "मला नगा सांगू. काशीला सांगा. घर तिचं हाय."

काशी मागच्या अंगाला शेण थापत होती. मी तिला सगळं समजावलं, शाळा, दूध, पेढी. तिनं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, "चिमी त्येचा कान धरल्याबिगर झोपत न्हाय."

"अगं, सवय मोडेल तिची."

"माझा कान देऊन बगितला, बाई. तिला कळतंय. मारुतीला तापात तालुक्याच्या दवाखान्यात ठेवलंता, तवा चिमी डोळं उघडं ठेवून बसायची. रडायची न्हाय. निस्ती बसायची." ती शेणाचा गोळा हातात घेऊन थांबली. "त्येला नेलं तर ती आशीच बसंल. मग मी काय करू, तेवढं सांगा."

माझ्या मनात आमच्या व्हरांड्यातला बाक आला, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना हात मांडीवर ठेवून निमूट बसणारी मुलं. आम्ही त्याला शिस्त म्हणत होतो. मी काशीजवळच्या शेणात हात घातले. तिच्याशेजारी बसून शेण्या थापल्या. वाकड्या झाल्या. तिनं त्या मोडून पुन्हा थापल्या.

बाजारचा दिवस

बाजारच्या दिवशी सकाळी तुळसाक्कांनी सगळ्या मुलांच्या डोक्यांना तेल लावलं. सगळ्या म्हणजे सगळ्या. मी विचारलं, "कुठं?"

"शेटनं उत्तर मागितलंय. उत्तर घिऊन चाललोय."

बारक्यांना बैलगाडीत कोंबलं, बाकीचे चालत. वाट लांबची. माझ्या शहरी चपलेचा अंगठा अर्ध्या वाटेत तुटला आणि मी अनवाणी झाले, तेव्हा सोनाबाईच्या घरातल्या मुलांनी मला काटे कुठं असतात आणि कुठं नसतात याचा धडा दिला. गाणी, भांडणं, कुणाला तहान, कुणाला शी. अशी आमची वरात भर बाजारातून निघाली. मिरच्यांचे ढीग, बांगड्यांची दुकानं, गुळाच्या ढेपा मागं टाकत आम्ही दादाशेटच्या पेढीसमोर जाऊन उभे राहिलो. बाजारातली माणसंही मागोमाग आली. फुकटचा तमाशा कुणाला नको?

दादाशेट ओसरीवर लोडाला टेकून बसले होते. गोरे, स्थूल, थकल्या चेहऱ्याचे. मला वाटलं होतं त्यापेक्षा साधे. दारात त्यांच्या पत्नी उभ्या होत्या, डोईवर पदर, एक हात चौकटीला.

"हे काय, तुळसाक्का?" शेट म्हणाले.

तुळसाक्का पायरीशी उभ्या राहिल्या. "तुमी आमाला छप्पर दिलंसा. त्ये मी इसरलो न्हाय, मरस्तवर इसरनार न्हाय. म्हनून उत्तर घरात बसून न्हाय दिलं, दारात आलोय. ही काशी, ह्यो मारुती, ही चिमी. एक घर हाय. घ्या. तिघांस्नी घ्या, मी हासत देतो."

"मला वंशाला मुलगा पाहिजे, बाई. तीन पोरं घेऊन मी काय करू?"

"मग न्हाय."

मागची गर्दी पायरीपर्यंत पुढं सरकली. शेटच्या तोंडावर 'नाही' म्हणणारं माणूस त्या गावानं बऱ्याच दिवसांत पाहिलं नसावं.

तेवढ्यात शेटच्या पत्नी पुढं आल्या. खाली वाकून त्यांनी मारुतीला विचारलं, "बाळा, माझ्याजवळ राहशील?"

मारुतीनं वर बघितलं. ओसरी, झोपाळा, पितळी कड्या, सगळं बघितलं. त्याला ते आवडलं, हे माझ्यानं खोटं लिहवत नाही. "व्हय," तो म्हणाला. मग मागं वळून बघितलं. "चिमी कुटं निजनार?"

त्या बाई सरळ झाल्या आणि नवऱ्याकडे वळल्या. "मला मूल हवं होतं," त्या म्हणाल्या. "कुणाचं घर मोडून नको. घ्यायची तर तिघं घ्या, नाही तर राहू दे."

"तू आत जा," शेट म्हणाले.

त्या गेल्या. पण थोड्याच वेळात दोन गडी परातीतून चिरमुरे, शेंगा आणि गूळ घेऊन बाहेर आले आणि मुलांना ओंजळी भरभरून वाटू लागले. शेटनी बघितलं. थांबवलं नाही. पण त्यांचा चेहरा लालभडक झाला होता. भर बाजारात, आपल्याच पायरीवर, आपल्याच बायकोसमोर.

"ठीक आहे," ते म्हणाले. "मग वखार मोकळी करा. एक महिना देतो."

"म्हैना नगो," तुळसाक्का म्हणाल्या. "उद्या सोडतो."

"उद्या?"

"व्हय. तुमच्या छपराखाली बसून तुमाला न्हाय म्हनलो, आसं नगो. तेवढं छप्पर दिलंसा, देव तुमचं बरं करो."

त्यांनी वाकून नमस्कार केला आणि वळल्या. गर्दीनं वाट दिली.

परतताना मी त्यांना गाठलं. "उद्या कुठं जाणार आहोत?"

आपण 'आहोत' म्हणालो हे माझ्या नंतर ध्यानात आलं.

"ठावं न्हाय," त्या म्हणाल्या.

"मग महिना का नाही घेतलात?"

"म्हैनाभर रोज कुनीतरी येऊन समजावलं आसतं, बाई. तुमच्यासारकं. शानी मानसं. एखाद्या दिवशी मला पटलं आसतं तर?"

दूधगंगा

बसाप्पा बैलांना पाणीसुद्धा न दाखवता तसेच नदीकडे गेले आणि दिवेलागणीला परत आले. नदीच्या पल्याड, संस्थानच्या हद्दीत, एका म्हाताऱ्या शेतकरणीचं बंद पडलेलं गुऱ्हाळघर होतं. वर पत्रा होता, भिंती नव्हत्या. ती म्हणाली होती, "भिंती तुमी घाला. पोरांचा गलका मात्र लई करू नगा." बसाप्पांनी तिला सांगितलं होतं की गलका होणारच. तिनं थोडा विचार केला होता आणि म्हणाली होती, "मग या."

सकाळी वखार रिकामी करायला घेतली. लुगड्यांचे पडदे सुटले तेव्हा ती जागा एकाएकी पुन्हा वखार दिसू लागली. माग मोडून गाडीत चढवला. प्रत्येक घरानं आपली वाकळ, आपली घागर आपण उचलली. शेटचा एक गडी कुलूप घेऊन आला होता. तुळसाक्कांनी आधी जागा झाडून घेतली आणि मगच त्याला आत येऊ दिलं.

गाडी वरच्या उतारानं पाण्यातून गेली. मुलांसाठी डोहापाशी नाव होती. थंडीतली दूधगंगा शांत, हिरवट, काठाला धुकं. नावाडी वाळूवर पाय रोवून उभा होता. मुलं बघून त्यानं अंदाज केला आणि सांगितलं, आधी थोरली पोरं, मग मधली, मग बारकी.

"न्हाय," तुळसाक्का म्हणाल्या. "घरं करून बसव. काशीचं घर एका खेपंत, रामाचं एका खेपंत."

नावाड्याला ते पटलं नाही. त्यानं आवाज खाली आणला. "आक्का, एका घरची समदी एका नावंत घालत न्हाईत. आमच्यात तशी रीतच न्हाय. पानी काय, कवा काय करंल. दोन खेपंत गेली तर घरातलं एक तरी ऱ्हातंय."

मुलं ऐकत होती. काशीनं चिमीला काखेत घेतलेलं, मारुती तिच्या परकराला धरून उभा होता.

"ह्यांचं घर एकदा बुडलंय, बाबा," तुळसाक्का म्हणाल्या. "आता तरायचं ते संगं आन् बुडायचं ते बी संगं. बसव."

 नावाड्यानं नाव काठाला लावून धरली. काशी चढली. तिनं हात दिला, मारुती चढला. चिमी दोघांच्या मधे बसली, आणि नाव हलली तशी तिनं भावाचा कान धरला.